लाइट गेली की राउटर सगळं विसरतो : ४ एमबी फ्लॅशवाल्या जुन्या राउटरांसाठी

तक्रार नेहमीची आहे. फ्लॅश, म्हणजे कायमची साठवण, जेमतेम ४ एमबी असलेल्या जुन्या राउटरवर कंपनीच्या सॉफ्टवेअरऐवजी ओपनडब्ल्यूआरटी हे फुकटचं सॉफ्टवेअर टाकलंय. चालू असतो तोवर झकास चालतो. लाइट जाऊन परत आली की वायफायचं नाव, पासवर्ड, कुणाला किती स्पीड द्यायचा तो हिशेब, सगळं गायब. वायफायच दिसत नाही. राउटर मेला असं समजून लोक तो भंगारात टाकतात. तो मेलेला नसतो. ओपनडब्ल्यूआरटीत मूळ अवस्थेत वायफाय बंदच असतं, आणि तो मूळ अवस्थेत गेलेला असतो एवढंच.

घाईत असाल त्यांच्यासाठी आधी तपासणी सांगतो. केबल लॅन पोर्टात लावा, १९२.१६८.१.१ वर एसएसएचनं, म्हणजे कॉम्प्युटरवरून राउटरला कमांड द्यायच्या सोयीनं, रूट म्हणून आत जा (कोरा झालेला असेल तर पासवर्ड लागणार नाही) आणि 'डीएफ -एच' ही कमांड द्या. मुळाशी, म्हणजे नुसत्या तिरप्या रेघेवर, 'ओव्हरलेएफएस:/ओव्हरले' दिसलं तर तुमचा आजार वेगळा आहे. अॅडॉप्टर बघा, रिसेटचं बटण अडकलंय का बघा. तिथं 'ओव्हरलेएफएस:/टीएमपी/रूट' दिसलं तर पुढचं सगळं तुमच्यासाठीच लिहिलंय.

आता आमची गोष्ट. मंगळवार पेठेत एका तालमीच्या वरच्या मजल्यावर स्पर्धा परीक्षेच्या पोरांची अभ्यासिका आहे. खाली लाल माती, वर चाळीस खुर्च्या. कुणीतरी घरी नवीन कनेक्शन घेतल्यावर जुना, दोन अँटेनांचा पांढरा राउटर तालमीला दिला, आणि तो माझ्या गळ्यात पडला. मी त्यावर ओपनडब्ल्यूआरटीच्या १७.०१ आवृत्तीची स्वतः बांधलेली इमेज, म्हणजे राउटरमध्ये भरायची सॉफ्टवेअरची फाइल, टाकली. (तेव्हा हा प्रकल्प एलईडीई नावानं वेगळा निघाला होता, २०१६ च्या मे महिन्यात फुटले आणि २०१८ च्या जानेवारीत परत एक झाले. आपल्याकडं मंडळं फुटतात ती एवढ्या लवकर जुळत नाहीत.) एक पोरगा व्हिडिओ लावून बसला की बाकीच्यांचं पान उघडत नसे, म्हणून इमेजमध्ये एसक्यूएम, म्हणजे स्पीड सगळ्यांत वाटून देणारं पॅकेज, घातलं. अभ्यासिका बघणाऱ्या आप्पांना पासवर्ड बदलता यावा म्हणून लुसीचं वेब पानही घातलं. मावावं म्हणून पीपीपी आणि आयपीव्ही६ काढून टाकलं. इमेज मावली, मी खूश.

मग वळीव सुरू झाला. एप्रिल-मे मध्ये दुपारी चारला आभाळ भरून येतं आणि पहिल्या गडगडाटाला लाइट जाते. दुसऱ्या दिवशी आप्पांचा फोन : "अरे, लाइट गेली की ह्याचं डोकं जातंय बघ. परत काय ते लिहून दे." मी जाऊन सगळं परत भरून येई. चार वेळा असं झालं.

मी काय काय केलं ते सांगतो, म्हणजे तुम्ही तेच करत बसणार नाही. प्रथम अॅडॉप्टर बदलला. ९ व्होल्टचा जुना अॅडॉप्टर मीटरवर नीट दाखवतो आणि राउटर जोडला की खाली बसतो, हे खरंच होतं, त्यामुळं संशय चुकीचा नव्हता. फरक पडला नाही. मग लाइट परत येताना येणाऱ्या झटक्यावर आळ घेतला आणि स्पाइक गार्ड लावला. मग राउटरचा छोटा यूपीएस आणला, आणि तीन आठवडे एकदाही तक्रार आली नाही. हा सगळ्यात वाईट टप्पा होता, कारण मला वाटलं दुखणं सापडलं. एका संध्याकाळी पाच तास लाइट नव्हती, यूपीएसची बॅटरी बसली आणि राउटर पुन्हा कोरा. यूपीएसनं दुखणं बरं केलं नव्हतं, फक्त राउटर बंद पडू दिला नव्हता.

खरी परीक्षा अर्ध्या मिनिटाची होती. सेटिंग भरायचं, मग प्लग न काढता नुसती 'रीबूट' कमांड द्यायची. विजेचा काही संबंध नसताना सेटिंग गेलं. तेव्हा कुठं मी लॉग उघडून बघितला. त्यात एक ओळ होती : 'जेएफएफएस२ : टू फ्यू इरेज ब्लॉक्स (४)', म्हणजे पुसायचे ब्लॉक फार कमी.

त्या ओळीचा अर्थ आकड्यांत मांडला की सगळं उलगडतं. ४ एमबी म्हणजे ४०९६ केबी. या फ्लॅशमध्ये एका वेळी ६४ केबीचा ब्लॉक पुसला जातो, म्हणजे एकूण ६४ ब्लॉक. त्यातले दोन बूटलोडरचे, म्हणजे चालू करताच पहिल्यांदा धावणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचे, आणि शेवटचा एक वायफायच्या कॅलिब्रेशनचा. त्या शेवटच्याला कधीही हात लावायचा नाही, तो गेला तर वायफाय कायमचं गेलं. राहिले ६१. त्यात कर्नेल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, आणि स्क्वॅशएफएस, म्हणजे फक्त वाचता येणारी मुख्य फाइल सिस्टिम. तुमची सेटिंग लिहायची जागा त्यानंतर उरेल तेवढीच, आणि तिथं जेएफएफएस२ या लिहिता येणाऱ्या फाइल सिस्टिमला कमीत कमी पाच ब्लॉक लागतात. माझ्या इमेजनं ५७ खाल्ले होते. उरले चार. चारवर तो मांडीच घालत नाही.

जागा नसली तरी राउटर बूट व्हायचं थांबत नाही. तो सेटिंगचा थर रॅममध्ये, म्हणजे बंद केलं की पुसल्या जाणाऱ्या मेमरीत, मांडतो आणि काही झालंच नाही असा चालू लागतो. वही संपली म्हणून तळहातावर लिहून घेतल्यासारखं : हात धुतला की गेलं. इमेज बांधणारं साधन इमेज फ्लॅशमध्ये मावते का एवढंच बघतं. तुमच्या सेटिंगला जागा उरली का, हे बघत नाही. ६४ केबी ब्लॉकच्या हिशेबानं इमेज ३५८४ केबीच्या आत असायला हवी. माझी त्याच्या थोडीशीच वर होती.

एक सावधगिरी. नवी इमेज टाकल्यावर पहिल्यांदा चालू करताना 'जेएफएफएस२ नॉट रेडी येट' अशी ओळ सगळ्यांनाच दिसते आणि तेव्हाही थर तात्पुरता रॅममध्ये असतो. ते नॉर्मल आहे. काही मिनिटं थांबा, मागं फॉरमॅट चालू असतं. पुष्कळ लोक याच वेळी घाईनं प्लग काढतात आणि मग 'माझंही सेटिंग उडालं' म्हणून येतात. त्यांचं दुखणं चहा होईतो थांबण्याचं आहे.

उपाय, जे मी केले त्या क्रमानं

पहिला उपाय इमेज बारीक करायचा. राउटर चालू असताना पॅकेज काढून उपयोग नाही. ते स्क्वॅशएफएसमध्ये बसलेलं असतं. पुसलं म्हटलं तरी 'हे पुसलंय' अशी नोंदच वर लिहिली जाते आणि जागा उलट थोडी जास्त जाते. इमेज बिल्डरमध्ये पॅकेजच्या यादीत नावापुढं वजा चिन्ह लावून परत बांधायला हवं. लुसी काढलं की सगळ्यात जास्त सुटका होते. तुमचं कनेक्शन पीपीपीओईवर, म्हणजे युजरनेम-पासवर्ड टाकून चालत असेल, तर पीपीपी मात्र काढू नका. मी हे एका मित्राच्या घरी केलं होतं आणि त्याची बायको दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हती.

दुसरा उपाय मला जास्त आवडला. इमेज बिल्डरला एक फाइल्सचा फोल्डर देता येतो. वायफाय आणि नेटवर्कच्या सेटिंगच्या फाइली त्यात ठेवल्या की त्या इमेजमध्येच शिजतात. मग थर रॅममध्ये गेला तरी बिघडत नाही, कारण कोरा झाला म्हणजे तो तुमच्याच सेटिंगवर येतो. गैरसोय एकच : पासवर्ड बदलायचा तर परत इमेज बांधा. आणि अशी इमेज कुणाला देऊ नका, तिच्यात तुमचा पासवर्ड असतो.

यूएसबी असलेल्या राउटरला पेन ड्राइव्हवर थर नेता येतो. आमच्याला यूएसबीच नव्हतं, विषय संपला.

मग नवीन व्हर्जनच टाकलं तर?

इथं मी माती खाल्ली, म्हणून जरा थांबून सांगतो.

दुखणं कळल्यावर वाटलं, १७.०१ जुनं झालं, नवीनमध्ये हे सुधारलं असेल. गेलो बघायला तर २१.०२ पासून पुढं या राउटरची इमेजच नाही. राग आला. पत्रा शाबूत आहे, अँटेना शाबूत आहेत, आणि हे म्हणतात सपोर्ट बंद. मग कुणीतरी हौसेनं बांधलेली २२.०३ ची इमेज मिळाली. सोबत एक ओळ होती, कंपाइल झालंय, चालवून बघितलेलं नाही. मी ती ओळ वाचली आणि न वाचल्यासारखं केलं. राउटरनं 'इमेज चेक फेल्ड' म्हणून नकार दिला, तर मी 'सिसअपग्रेड'ला मोठ्या एफचा पर्याय लावून जबरदस्ती केली.

दिवा लुकलुकत राहिला. डबा उघडून ३.३ व्होल्टची सिरीयल केबल लावली (५ व्होल्टची लावू नका), वेग ११५२००. कर्नेल सुरू होत होता आणि रूट फाइल सिस्टिम सापडत नाही म्हणून कोसळत होता, गोल गोल. बांधणाऱ्यानं मावत नाही म्हणून आकाराची मर्यादा सैल केली होती आणि स्क्वॅशएफएसची शेपटी फ्लॅशच्या बाहेर पडली होती. त्याचे महत्त्वाचे तक्ते शेपटीतच असतात. म्हणजे राउटर नकार देत होता तो शहाणपणानं, मीच कान धरून पाजलं.

सुटका टीएफटीपीनं, म्हणजे केबलवरून फाइल पाठवायच्या साध्या पद्धतीनं, झाली. सगळ्यांकडं असतो तो टीपी-लिंकचा डब्ल्यूआर८४१एन व्ही९ उदाहरणाला घेतो. कॉम्प्युटरला १९२.१६८.०.६६ हा पत्ता द्या, टीएफटीपी सर्व्हरच्या फोल्डरात फाइल 'डब्ल्यूआर८४१एनव्ही९_टीपी_रिकव्हरी.बिन' या नावानं ठेवा (इंग्रजी लिपीत, सगळी अक्षरं छोटी), रिसेट दाबून धरून राउटर चालू करा. तो आपणहून फाइल मागून घेतो. फायरवॉल बंद करायला विसराल, मीही विसरलो होतो. कंपनीची मूळ फाइल वापरणार असाल आणि तिच्या नावात 'बूट' असेल, तर सुरुवातीचे १३१५८४ बाइट आधी काढून टाका. 'डीडी'त ५१२ चे २५७ ब्लॉक वगळले की झालं. नाहीतर नको ते नको त्या जागी बसतं.

सपोर्ट बंद का करतात

हा राग मी वर्षभर बाळगला. तो उतरला तो उद्यमनगरात, काकांच्या वर्कशॉपवर. काका ऑइल इंजिनाचे भाग बनवण्यात म्हातारे झाले. मी तणतणत होतो की कोड तर तसाच पडून आहे, एक बटण दाबून बांधून द्यायला ह्यांचं काय जातं? काका गेज पुसत म्हणाले, "माप घेतल्याबिगर पास म्हनायचं न्हाई. शिक्का मारला की ती जबाबदारी आली. गिऱ्हाइकाकडं इंजिन बसलं की त्यो ड्रॉइंगला शिव्या देत न्हाई, आमाला देतोय."

माझ्या हातातली ती २२.०३ ची इमेज म्हणजे माप न घेता पुढं सारलेला जॉब होता.

प्रकल्पांकडं बघा. ओपनडब्ल्यूआरटीनं ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमच्या राउटरांना एका रात्रीत हाकललं नाही. १८.०६ च्या काळापासून यांना 'टायनी' नावाच्या वेगळ्या डब्यात ठेवलं होतं. तिथं कर्नेलमधून होईल तेवढं छाटलं, ४ केबीचे छोटे सेक्टर वापरून सेटिंगला जागा काढली. म्हणजे माझं नेमकं दुखणं कुणीतरी आधीच ओळखलं होतं. जानेवारी २०२० मध्ये आलेली १९.०७ ही यांच्यासाठी शेवटची मालिका. सप्टेंबर २०२१ च्या २१.०२ पासून किमान ८ एमबी फ्लॅश आणि ६४ एमबी रॅम. टायनीचा सोर्स नंतरही राहिला, स्वतः बांधा आणि स्वतः भोगा या अटीवर. आणि रॅमचा मुद्दा फ्लॅशपेक्षा कडक आहे. ३२ एमबीवर संध्याकाळी चाळीस फोन जोडले गेले की कर्नेल मेमरी संपली म्हणून कुठली तरी प्रोसेस मारतो, आणि ती वायफायची निघाली की परत 'राउटर गेला' म्हणून फोन. लॉगमध्ये 'आउट ऑफ मेमरी' शोधा. इमेज बारीक करून ते जात नाही.

त्याच सुमारास दुसरी गळती झाली. अॅथेरॉस कंपनीच्या चिपांसाठीच्या कोडचं जुनं घर 'एआर७१एक्सएक्स' होतं. त्यात प्रत्येक बोर्डासाठी वेगळी सी भाषेतली फाइल. नवं घर 'एथ७९', त्यात बोर्डाचं वर्णन डिव्हाइस ट्री नावाच्या यादीवजा फाइलीत. १९.०७ मध्ये दोन्ही घरं होती, पुढं जुनं पाडलं. सामान हलवायला प्रत्येक मॉडेलमागं एक माणूस हवा होता, ज्याच्या टेबलावर तो डबा आहे आणि जो दिवे, बटणं, पोर्टांचे क्रमांक तपासून सांगेल. ज्यांच्यासाठी कुणी पुढं आलं नाही ते मागं राहिले. बदल पाठवताना तिथं दोन वेगळ्या ओळी भराव्या लागत : कंपाइल करून बघितलं का, आणि चालवून बघितलं का. दुसरी ओळ फक्त डबा हातात असलेलाच भरू शकतो.

कॉम्प्युटरच्या बायोसच्या जागी बसणाऱ्या कोअरबूटचंही तसंच. नोव्हेंबर २०१९ च्या ४.११ नंतर त्यांनी बोर्डांना काही अटी घातल्या. ज्या बोर्डांना त्या अटींत बसवायला कुणी उभं राहिलं नाही ते मुख्य झाडावरून उतरवून ४.११ च्या फांदीवर ठेवले. आसुसचा केजीपीई-डी१६ हा सर्व्हर बोर्ड त्यात गेला, आणि त्याचे चाहते थोडेथोडके नव्हते. चाहते असणं आणि दर नवीन बिल्ड घालून बघणारा असणं यात अंतर आहे. लिनक्स कर्नेलनंही २०१३ च्या ३.८ मध्ये ३८६ प्रोसेसर सोडला, आणि सुरुवात त्याच्यावरच झाली होती.

यात मला एक गोष्ट खटकते, तीही सांगतो. बंद केलेल्या मॉडेलचं नाव नव्या आवृत्तीच्या डाउनलोडच्या यादीतून नुसतं उडवतात आणि नवखा माणूस चुकून शेजारच्या मॉडेलची इमेज उचलतो. नाव ठेवावं आणि समोर शेवटची चाललेली आवृत्ती लिहावी. ते काम टाळलं की माझ्यासारखे जबरदस्ती करणारे तयार होतात.

तुमचा डबा कुठल्या बाजूचा

मॉडेलच्या नावावर जाऊ नका, खालचा स्टिकर वाचा. डब्ल्यूआर८४१एनच्या व्ही८, व्ही९, व्ही१०, व्ही११ मध्ये ४ एमबी फ्लॅश, ३२ एमबी रॅम. व्ही१३ मध्ये मीडियाटेकची चिप, ८ आणि ६४. आणि व्ही१४ मध्ये परत ४ आणि ३२! आकडा वाढला म्हणजे माल सुधारला, हा हिशेब इथं चालत नाही. जुन्या बाजारात घेताना राउटर उलटा करून बघा; दुकानदार डबा एकच म्हणून दाखवतो.

४ आणि ३२ वाला असेल तर मी सुचवतो ते असं : १९.०७.१० घ्या, ती त्या मालिकेतली शेवटची, एप्रिल २०२२ ची. आधीच्या मालिकेवरून येताना जुनं सेटिंग सोबत आणू नका, 'सिसअपग्रेड'ला छोट्या एनचा पर्याय द्या. सेटिंग इमेजमध्येच शिजवा. आणि त्याला इंटरनेटच्या तोंडावर उभा करू नका. त्यातल्या ४.१४ कर्नेलची दुरुस्ती जानेवारी २०२४ ला संपली. पुढं दुसरा, चालू आवृत्तीचा राउटर ठेवा आणि याचं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटायचं काम, बंद करून, पत्ता १९२.१६८.१.२ करून, केबल वॅनऐवजी (इंटरनेटच्या पोर्टाऐवजी) लॅन पोर्टात घालून नुसता स्विच म्हणून वापरा. पोर्ट १०० एमबीपीएसचेच आहेत, अभ्यासिकेला पुरतात. काही टेबलं आता यावरच आहेत, केबलनं. वायफाय वर्गणी काढून घेतलेल्या १६ एमबी फ्लॅश आणि १२८ एमबी रॅमच्या राउटरवर गेलं. एसक्यूएमही तिकडंच.

८ आणि ६४ वाला असेल तर आज चालेल, पण काठावर आहे. तुमच्या मॉडेलची नवीन आवृत्ती आली की टाकून बघा आणि काय झालं ते प्रकल्पाला कळवा. नीट चाललं तरी कळवा. तक्रारी सगळे करतात, चाललंय हे कुणी लिहीत नाही, आणि मग तो डबा जगात कुणाकडं उरलाय की नाही हे तिकडं कळतच नाही. लिहिताना स्टिकरवरचा पूर्ण व्हर्जन नंबर, इमेजचं पूर्ण नाव, बूटचा लॉग आणि 'डीएफ' व 'फ्री' या दोन कमांडचा निकाल द्या. मदत मागायची असली तरी हेच पाच तुकडे आधी जोडा. 'माझा राउटर चालत नाही' यावर मी तरी उत्तर देत नाही.

गेल्या वळवात लाइट सात-आठ वेळा गेली असेल. फोन आला नाही. वर गेलो तर पांढऱ्या डब्यावर आप्पांनी मार्करनं लिहून ठेवलं होतं : १९.०७.१०, ह्याच्या म्होरं न्हाई.